कणगीतले दगड

कोणे एके काळी, म्हणजे आपल्या पणजोबांचे पणजोबाही जी गोष्ट "ऐकीव आहे बाबा" असं म्हणूनच सांगत त्या काळी, एका राज्यात एक मोठं विद्यापीठ होतं. तिथे कुणाच्याही मुलाला, मुलीला दार उघडं असे. पाच वर्षं राहायचं आणि एक मुख्य विद्या शिकायची. कुणी वैद्यक शिके, कुणी ज्योतिष, कुणी धातुकाम, कुणी बांधकाम. पण एवढ्यावर सुटका नव्हती. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने आपल्या विद्येला जोड म्हणून आणखी एक लहानशी विद्या घ्यायची. तिला म्हणायचे जोडविद्या. एकच घ्यायची, आणि एकदा घेतली की बदलायची नाही.

या जोडविद्येची एक गंमत होती. विद्यापीठातून बाहेर पडताना प्रत्येकाला पांढरंशुभ्र उपरणं मिळे. पांढरं कापड मुख्य विद्येचं आणि काठ जोडविद्येचा. गायनाचा काठ जांभळा, अश्वपरीक्षेचा तांबडा, रंगकामाचा मोरपिशी. आणि सभाभाषणाचा काठ? तो होता जरीचा. उन्हात बघाल तर डोळे दिपतील असा. आता तुम्हीच सांगा, अठरा-एकोणीस वर्षांची पोरं काय बघणार, विद्या की जर? दरवर्षी निम्मं विद्यापीठ सभाभाषणाच्या अंगणात रांग लावून उभं असे, आणि उरलेले आपल्या अंगावर कुठला रंग खुलतो ते एकमेकांना विचारत बसत.

त्या विद्यापीठात सगुणा नावाची एक मुलगी बांध घालण्याची विद्या शिकत होती. दगड ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नुसतं टिचकी मारून ती सांगे, हा तळाला घाला, हा वर ठेवा, हा घरी न्या आणि चटणी वाटा. पोरगी हुशार, कष्टाळू, पण उतावळी म्हणजे किती उतावळी. अर्धं वाक्य ऐकलं की पुढचं अर्धं स्वतःच बोलून टाकायची.

तिचे गुरुजी म्हणजे राज्यातले सगळ्यात जाणते बांधकरी. त्यांनी घातलेले तलाव अन् बंधारे तीस तीस वर्षं जागचे हलले नव्हते. पण एका बांधाने मात्र त्यांच्या नाकी नऊ आणले होते.

झालं होतं असं. राज्याच्या उत्तरेला एक नदी होती. बारमाही वाहायची, पण खोल दरडीतून. वरच्या माळावर सात गावं तिच्याकडे नुसती बघत बसलेली. बांध झाला तर पाणी चढणार आणि पाटाने सातही गावांत जाणार, असा गुरुजींचा बेत होता. दोन्ही काठांवरून त्यांनी दगडी बांध घालत आणला. मध्ये फक्त वीस हातांचं खिंडार उरलं. आणि तिथेच घोडं अडलं. कारण वाट जितकी अरुंद होई तितकं पाणी चवताळून उठे. हाताने उचलता येतील असे दगड टाकले तर ते गडगडत थेट खालच्या डोहात. त्याहून मोठा दगड त्या टोकापर्यंत नेता येत नसे. तीन उन्हाळे हेच झालं. तिसऱ्या उन्हाळ्यात राजाने स्पष्ट सांगून टाकलं, की पुढच्या वैशाखात खिंडार बुजलं तर ठीक, नाही तर बांधाचे सगळे दगड उपसून किल्ल्याच्या तटाला लावायचे.

सगुणा त्या सात गावांपैकीच एका गावची. दरडीतून घागर घेऊन वर चढणं म्हणजे काय असतं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बांध गेला असता तर गुरुजींचं नाव गेलं असतं आणि गावाचं पाणी गेलं असतं. या दोन्ही गोष्टी तिच्या जिवाला सारख्याच लागलेल्या होत्या.

तर अशात जोडविद्या निवडायचे दिवस आले. आठ दिवस सगळी अंगणं उघडी असत. कुठेही जावं, बघावं, विचारावं, हाताळावं. सगुणेला कोण आनंद झाला. पहिल्या दिवशी ती नक्षत्रविद्येच्या अंगणात गेली आणि संध्याकाळी मैत्रिणीला म्हणाली, ठरलं, मी ताऱ्यांवरून पावसाचा अंदाज शिकणार. दुसऱ्या दिवशी घोड्यांकडे गेली, एका तांबड्या शिंगराने तिचा पदर चावला, आणि संध्याकाळी घोडे ठरले. तिसऱ्या दिवशी रंगकाम, चौथ्या दिवशी गायन. गायनाच्या आचार्यांनी तिचा आवाज ऐकून तिला पाणी प्यायला दिलं आणि दारापर्यंत पोचवलं, तरी हिचा उत्साह तसाच. पाचव्या दिवशी ती बोलायला लागली तेव्हा मैत्रीण पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपून गेली.

सहाव्या दिवशी मामाचा निरोप आला. मामाने कळवलं होतं, की उगाच भलत्यासलत्या नादाला लागू नकोस, जरीचा काठ घे. जरीच्या काठाला दरबारात पायरी चढता येते, आणि बाकीच्यांनी खाली चुना मळायचा. सगुणेच्याच वर्गातला विश्वंभर नावाचा मुलगाही सभाभाषणच घेणार होता. तो आत्तापासूनच आरशासमोर हात उंचावून उभा राहत असे. सगुणा सभाभाषणाच्या अंगणात गेली, आणि खरं सांगायचं तर तेही तिला आवडलं. तिला काय आवडत नव्हतं हाच प्रश्न होता. पण आता आवडण्याचा आनंद जाऊन निवडण्याची धास्ती वाटायला लागली. दोन दिवस उरले आणि मन म्हणजे नुसता भोवरा झालेला.

सातव्या दिवशी ती दगड वाहायची आपली पाटी घेऊन बुरूडकामाच्या अंगणात गेली. निवडायला नव्हे बरं का. पाटीचं बूड फाटलं होतं, ते बांधून घ्यायला. हे अंगण विद्यापीठाच्या अगदी टोकाला. तिथला काठ होता वाळक्या बांबूसारखा फिक्कट पिवळा. धुतला तरी मळका दिसणारा. गेल्या चार वर्षांत तो एकानेही घेतला नव्हता. तिथे गिरजाक्का नावाच्या बाई शिकवायला होत्या, म्हणजे शिकायला कुणी आलंच तर. एरवी त्या एकट्या बसून विद्यापीठाला लागणाऱ्या टोपल्या, सुपं, दुरड्या विणत.

गिरजाक्कांनी पाटी उलटी केली आणि बांबूच्या कामट्या भिजत घातल्या. तेवढ्या वेळात सगुणेने त्यांना तारे, घोडे, रंग, जर, मामा सगळं सांगून टाकलं. अक्कांनी मान वर केली नाही. पाटीला नवी कामटी ओवत त्यांनी एवढंच विचारलं,

"हे सगळं छान आहे पोरी. पण तुझं अडतं कुठे?"

"माझं?"

"तुझ्या विद्येचं. दगडाला सगळं जमतं असं काही नसेल ना. कुठेतरी तो हात टेकत असेल."

हा प्रश्न सात दिवसांत तिला कुणी विचारला नव्हता. तिने स्वतःलाही विचारला नव्हता. उत्तर मात्र तोंडातून आपोआप आलं. खिंडारात अडतं, ती म्हणाली. आणि मग तिने तेही सगळं सांगितलं, की लहान दगड वाहून जातो आणि मोठा दगड तिथवर पोचत नाही.

गिरजाक्कांना बांधातलं काही कळत नव्हतं, आणि तसं त्यांनी सांगितलंही. "मला काय ठाऊक," त्या म्हणाल्या. "मी कणग्या विणते. जोंधळ्याचा दाणा तळहातावर ठेव, फुंकर मारली की जातो. तोच कणगीत भर, मग दोन बैल लाव. कणगी हलत नाही."

सगुणा उठून उभी राहिली. पुन्हा बसली. पुन्हा उठली. बांबूची कणगी म्हणजे काय, तर धान्य साठवायची माणसाएवढी टोपली. रिकामी असताना दोन माणसं सहज उचलून कुठेही नेतील. ती खिंडारात ठेवायची आणि तिथेच तिच्यात हाताएवढे दगड भरायचे. वाहून नेताना हलकी, भरल्यावर जड. तिला एवढा हर्ष झाला की ती दुरुस्त झालेली पाटी तिथेच टाकून पळत सुटली.

आठव्या दिवशी सगळ्या विद्यापीठासमोर प्रत्येकाने आपल्या जोडविद्येचं नाव सांगायचं असे. विश्वंभरने असं काही सांगितलं की टाळ्या पडल्या. सगुणेने "बुरूडकाम" म्हटलं आणि मागच्या ओळीतून खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, बांध घालून झाला की ही त्याच्यावर झाकण ठेवणार. ते तिने मनावर घेतलं नाही. पण गुरुजींचा चेहरा पडलेला तिने पाहिला, आणि ते मात्र लागलं.

शिष्याच्या निवडीत गुरूने पडायचं नाही असा तिथला नेम होता, म्हणून गुरुजी अडवू शकत नव्हते. संध्याकाळी फक्त म्हणाले, "पाच वर्षं तुला दगड शिकवला. शेवटी तुझा भरवसा कामटीवर बसला." तिने समजावून सांगायला तोंड उघडलं, पण ते उठून गेले.

मग सुरू झालं शिकणं. तुम्हाला वाटेल, आता काय, झालंच काम. कसलं काय! बांबू चिरताना बोटं चिरली. पहिली टोपली अशी वाकडी झाली की कोंबडीसुद्धा तिच्यात बसेना. अक्का न रागावता ती उसवायला लावत. उसव आणि पुन्हा वीण, उसव आणि पुन्हा वीण. सगुणेसारख्या उतावळीला याहून मोठी शिक्षा नसेल. पण रोज थोडं जास्त जमे, आणि जमलं की ती अंगणभर नाचे.

दिवाळीपर्यंत तिने गुडघ्याएवढी पहिली कणगी विणली. घट्ट, सुबक, दाणा गळणार नाही अशी. ती घेऊन ती ओढ्यावर गेली, पाण्यात ठेवली, गोटे भरले. पाणी येऊन आदळलं, कणगी जागची उठली आणि दोन कोलांट्या खाऊन फुटली. गोटे चारी दिशांना. सगुणा ओल्या लुगड्याने दगडावर बसून हमसून हमसून रडली. तिला वाटलं, हसणारे खरे ठरले, गुरुजी खरे ठरले, आणि आपण हौसेपायी वर्ष घालवलं.

गिरजाक्का दुसऱ्या दिवशी स्वतः ओढ्यावर आल्या. फुटलेली कणगी त्यांनी नीट पाहिली आणि आधी हसल्या. त्या म्हणाल्या, धान्याची वीण पाण्यात कशी चालेल? धान्याला आत अडवायचं असतं, पाण्याला वाट द्यायची असते. तू भिंत विणलीस, म्हणून पाण्याने ढकलली. कोंबड्यांचं डालगं असतं तशी मोकळी वीण घाल. दगड बाहेर पडणार नाही आणि पाणी अडणार नाही एवढी. शिवाय बांबू वाळलेला घेतलास, तो कडकन मोडतो. ओला हिरवा घे, तो वाकेल.

सगुणेने डोळे पुसले आणि तशीच बांबूच्या बनाकडे धावली. हिरव्या बांबूची मोकळ्या विणीची कणगी तिने आठ दिवसांत केली. पाण्यात ठेवली, गोटे भरले, तोंड शिवून टाकलं. पाणी आदळलं. कणगी जराशी कलली, फताड्या पायांनी बसावी तशी बसली, आणि मग हलेचना. पाणी तिच्या भोकाभोकांतून खळखळ निघून जात होतं. सगुणेने तिच्यावर चढून उड्या मारल्या. तरी ती जागची हलली नाही.

त्यानंतर हिवाळाभर अक्का, सगुणा आणि बांबू तोडून आणणारे दोन गडी कणग्यांसाठी कामट्या काढून पाण्यात भिजत ठेवत राहिले. वैशाखाच्या तोंडावर माणसाएवढ्या चाळीस कणग्या विणून त्यांनी नदीकाठी नेल्या आणि पिंपळाखाली उतरवून ठेवल्या. गुरुजी रोज त्या बाजूने जात. बघत, आणि पुढे जात.

आणि तो दिवस उगवला. राजा आला, दरबार आला, सातही गावं दरडीवर येऊन उभी राहिली. गुरुजींनी या वेळी दुप्पट माणसं लावली होती. सूर्योदयापासून दगड पडायला लागले. दुपारपर्यंत खिंडारात जवळजवळ पुरुषभर उंचीचा भराव झाला. लोक ओरडायला लागले, झालं, झालं. आणि पाण्याने एकच धडक दिली. बघता बघता सकाळपासूनचे सगळे दगड गडगडत डोहात.

राजाने विचारलं, हे असं का होतं. विश्वंभर नुकतंच मिळालेलं जरीकाठी उपरणं सावरत पुढे झाला. भराव का वाहून गेला हे त्याने इतकं सुंदर सांगितलं, इतकं सुंदर, की राजाने ते दोनदा ऐकलं. खिंडार मात्र तेवढंच राहिलं.

गुरुजी बांधाच्या टोकावर उभे होते. त्यांचे दोन्ही हात चुन्याने पांढरे झाले होते. राजाने किल्ल्याच्या तटाच्या कारभाऱ्याला जवळ बोलावलेलं सगुणेने पाहिलं. पळत जाऊन ओरडावं असं तिला वाटलं, पण ती जागीच थांबली, कारण हा बांध गुरुजींचा होता आणि सांगायचं ते त्यांनीच.

गुरुजींनी खिंडाराकडे पाहिलं, मग पिंपळाकडे पाहिलं. मोठं मन लागतं हो याला, साठी उलटलेल्या माणसाला हजार माणसांसमोर. ते खणखणीत आवाजात म्हणाले,

"सगुणा, तुझ्या कणग्या आण. मी चुकलो होतो."

मग काय विचारता! पहिली कणगी दोर लावून खिंडारात सोडली. गड्यांनी वरून भराभर गोटे ओतले. सगुणेने कमरेला दोर बांधून खाली उतरून तिचं तोंड शिवलं. कणगी कलली, दरडीवरच्या हजार माणसांचा श्वास अडकला, आणि मग ती बूड टेकून बसली. तिला लागून दुसरी. दोघींच्या खांद्यावर तिसरी. पाणी आदळायचं, पण त्याला वाट होती, म्हणून ते नुसतं बडबड करत निघून जायचं. दहाव्या कणगीला दरडीवरचे गावकरी न राहवून खाली उतरले आणि हातोहात दगड देऊ लागले. विसाव्या कणगीला राजाने शेला काढून ठेवला. गुरुजी स्वतः गोटे भरत होते आणि प्रत्येक गोटा घालताना सगुणेला विचारत होते, हा इथे चालेल का.

तिसावी कणगी बसली आणि पाण्याचा आवाज बदलला. आधी गर्जना होती, आता नुसती खळखळ. मग गुरुजींनी आपलं काम हाती घेतलं. कणग्यांच्या वरच्या अंगाला मातीचा भराव, त्यावर चिऱ्यावर चिरा, सांध्यात चुना. ते म्हणाले, कामटी चार वर्षांत कुजेल, पण तोवर हे सगळं दगडासारखं झालेलं असेल. म्हणजे बघा, नुसत्या कणगीने बांध झाला नाही आणि नुसत्या दगडाने तर तीन वर्षं झालाच नव्हता. अकराव्या दिवशी पाणी पाटाच्या तोंडाशी चढलं. पंधराव्या दिवशी ते सगुणेच्या गावात पोचलं, आणि तिची आई पाटात पाय सोडून दुपारभर बसून राहिली.

आता गोष्ट संपली असं तुम्हाला वाटत असेल. खरी मजा पुढेच आहे.

पुढच्या वर्षी जोडविद्येचे दिवस आले, तेव्हा सभाभाषणाचं अंगण ओस पडलं आणि गिरजाक्कांच्या अंगणात ही रांग! ज्योतिषी, वैद्य, धातुकामवाले, सगळ्यांना बुरूडकाम हवं. तो मळका पिवळा काठ आता सगळ्यांना भारी शोभून दिसायला लागला होता. गिरजाक्कांनी कपाळाला हात लावला आणि सगुणेला मदतीला बसवलं. रांगेतल्या एकेकाला ती विचारू लागली, तुझ्या विद्येत तू कुठे ठेचकाळतोस? बहुतेकांनी काय उत्तर द्यावं? त्यांना ते ठाऊकच नव्हतं. त्यांना तिने विचार करून उद्या यायला सांगितलं.

वैद्यकाचा एक विद्यार्थी मात्र बराच वेळ चुळबुळ करून म्हणाला, की मला रोग कळतो, औषधही कळतं, पण रोग्याला पथ्य सांगायची वेळ आली की मी तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. त्याला काही समजत नाही, तो घरी जाऊन नको तेच खातो आणि पुन्हा आजारी पडतो.

सगुणेने त्याचा हात धरला, त्याला रांगेतून बाहेर काढलं आणि समोरच्या ओस पडलेल्या सभाभाषणाच्या अंगणात नेऊन बसवलं. पुढे तो वैद्य राज्यात नावाजला गेला, आणि ज्या ज्या गावात गेला तिथले रोगी पथ्य पाळायला लागले. त्याच्या उपरण्याला जरीचा काठ होता, आणि तो त्याला खरोखरच शोभत होता.

तात्पर्य: आपल्या विद्येचा हात जिथे पुरत नाही तिथे जी पुरते, तीच खरी जोडविद्या, बाकी सगळी नुसती हौस.